बझर वाजल्यावर

गुढियारी, रायपूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. रुचिता,

जय भीम. तुझे फोन येतात, पण बोलते तुझी मोठीआई. मी बाजूला बसून नुसता हुं हुं करतो. इंजिनाच्या हॉर्नने कान गेले ते गेलेच. शिवाय सारी उमर रेल्वेत काढली, तिथे तोंडी सांगितलेलं कोणी मानत नाही. पुढचा रूळ कच्चा असला तर स्टेशनमास्तर तसा कागद हातात देतो, ड्रायव्हर सही करतो, मगच गाडी हलते. ती सवय लागली आहे. म्हणून तूही मला कागदावरच उत्तर दे.

यशदीपने गाडी घेतली हे तुझ्या कानावर आलंच असेल. कशी घेतली ते कोणी सांगितलं नसेल. निळी, जमिनीला टेकलेली, आणि चालू केली की समोरच्या घरातली भांडी वाजतात. पंडरीच्या दवाखान्यात दिवसभर लोकांचे दात काढणाऱ्या माणसाला एवढ्या जोराच्या इंजिनाचं काय काम, ते मला कळलेलं नाही. आपल्या गल्लीत गाडी शिरते तेव्हा ओट्यावर बसलेली माणसं पाय वर घेतात. मी घरात जाऊन बसतो. ज्या गल्लीतून मी सायकलने इंजिनांच्या शेडला जायचो तिथे हे असं, मला लाजल्यासारखं होतं.

पण लिहायचं कारण वेगळं आहे. ही गाडी सारखी बोलते. पांढरा पट्टा ओलांडला की स्टिअरिंग थरथरतं. पुढे काही आडवं आलं की टूं टूं करून ओरडते, आणि तरी ऐकलं नाही तर स्वतःच ब्रेक मारते. आणि आपला पोट्टा गाडीत बसला की पहिले हे सगळं बंद करतो. मी विचारलं, "काहून बंद करतो रे?" तर म्हणे, "पापा, ये सब अंकल लोगों के लिए है. परफॉर्मन्स कार का मजा ही मार देता है."

मला त्या आवाजाचं काही वाटत नाही. आमच्या इंजिनातही बझर होताच. ड्रायव्हरने मिनिटभर कशाला हात लावला नाही की वाजतो. मग पायाखालचं पॅडल दाबायचं, म्हणजे इंजिनाला कळतं की माणूस जागा आहे. नाही दाबलं तर गाडी आपणहून ब्रेक लावून उभी राहते. माझा तर पाय असा बसला आहे की अजून कुकरची शिट्टी झाली तरी हालतो. तुझी मोठीआई हसते. म्हणते, "पाहा, चालले गाडी घेऊन डोंगरगडले."

तू पुण्यात नेमकं हेच काम करतेस. तेव्हा मला नीट लिहून पाठव, ह्यात चांगलं काय आणि वाईट काय. बापाचं ऐकत नाही, चुलत बहिणीचं ऐकतो का पाहू.

— मोठेबाबा


पुणे
१६ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मोठेबाबा,

सविनय जय भीम. तुमचं पत्र ऑफिसात नेलं होतं. शेजारच्या टेबलावरच्या मीनलने विचारलं, अजून कोणी पत्र लिहितं? मी म्हटलं, माझे मोठेबाबा लिहितात आणि सही करून पाठवतात.

आता तुमचा प्रश्न. मी हेच बनवून पोट भरते, म्हणून फक्त कौतुक लिहीन असं दादाला वाटेल. तसं करत नाही.

पट्ट्याच्या बाबतीत दादाचं बरोबर आहे. आपल्याकडे पट्टे अर्धे पुसलेले असतात, ऑटोवाला मधूनच शिरतो, आणि गाडी भलतीकडेच स्टिअरिंग ओढते. अशा गाडीत स्टिअरिंग हलकं आणि चटकन वळणारं असतं, त्यामुळे तो ओढा जास्तच जाणवतो. ते त्याने खुशाल बंद ठेवावं.

दुसरं म्हणजे चाक घसरू न देणारी यंत्रणा. ती बंद करणं हा शुद्ध वेडेपणा आहे. एवढ्या ताकदीची गाडी ओल्या वळणावर मागून सुटली की ती सावरायला माणसाचे हात पुरे पडत नाहीत. यंत्र प्रत्येक चाकाला वेगळा ब्रेक लावतं, ते आपल्याला चार पाय असते तरी जमलं नसतं. दादा ते स्पोर्टचं बटण दाबतो ना, त्याने ही यंत्रणा ढिली पडते. मजा तिथूनच येते आणि धोकाही.

तिसरा आपोआप लागणारा ब्रेक. हे माझं काम. ह्यात दोष आहेत. समोरून तिरपं ऊन आलं की कॅमेरा आंधळा होतो. कधी नुसत्या सावलीला घाबरून ब्रेक लागतो आणि मागचा स्कूटरवाला येऊन आदळतो. आणि खरा दोष म्हणजे माणूस निर्धास्त होतो, त्याला वाटतं गाडी बघून घेईल. पण वेगवान गाडीत विचार करायला वेळच नसतो, मोठेबाबा. साध्या गाडीत चूक सुधारायला जेवढा रस्ता मिळतो, त्याच्या निम्माही इथे मिळत नाही. जी गाडी जास्त पळते तिलाच हा ब्रेक जास्त लागतो, आणि तीच घेणारी माणसं तो बंद करतात. प्रत्येकाला वाटतं, आपण चांगले ड्रायव्हर आहोत, आपल्याला काय गरज.

तुम्हाला त्या टूं टूंचं काही वाटत नाही हे वाचून बरं वाटलं. तो तुमचा इंजिनातला बझरच समजा.

दादा माझं ऐकणार नाही, लहानपणापासून ऐकलेलं नाही. तुमचं ऐकेल. निदान ब्रेक तरी चालू ठेवायला लावा. माझ्यासाठी.

तुमची,
रुचिता


गुढियारी, रायपूर
२७ फेब्रुवारी २०२५

चि. रुचिता,

जय भीम. तुझं पत्र जेवताना मोठ्याने वाचलं. पट्ट्याचं वाचलं तोवर यश खूश होता, पुढचं वाचलं तसा त्याचा चेहरा उतरला. मोनाली माझ्या बाजूने बोलली, मग नवराबायकोचंच जुंपलं. शेवटी मीही आवाज चढवला. म्हटलं, "एवढे वर्ष गाडी चालवली, एकबी लाल सिग्नल ओलांडला नाही. तरी बझर बंद करा असं मी कधी म्हटलं नाही. तू कोण लागून गेला?"

हे मी जरा मिरवून बोललो हे खरं. पण गुढियारीत आजही ह्याच एका गोष्टीवर लोक मला उठून खुर्ची देतात, हे तुला ठाऊक आहे.

तो म्हणाला, "ठीक है पापा. एक दिन आप चलाओ, सब चालू रखके. आप परेशान नहीं हुए तो मैं कभी बंद नहीं करूँगा." मी म्हटलं, मंजूर. आपली जुनी गाडी मी अजून चालवतोच, लायसन्स आहे, चष्म्याचा नंबरही नवा. येत्या रविवारी सकाळी नवा रायपूरच्या रुंद रस्त्यावर घेऊन जातो. श्यामकांत सोबत येतो आहे. इंजिनात तो माझा असिस्टंट, बाजूला बसायचा, मी सिग्नल पुकारायचा आणि त्याने तोच उलटून म्हणायचा, असा आमचा नियम. तो म्हणतो, "सायेब, आताबी पुकारू. बसून बसून कटाळा येऊन राहिला."

खरं सांगू का, मला हौस आली आहे. ह्या वयात लाज वाटते कबूल करायला.

— मोठेबाबा


गुढियारी, रायपूर
१२ मार्च २०२५

चि. रुचिता,

जय भीम. यशने तुला फोनवर सांगितलंच आहे, तरी माझ्याकडून लिहितो.

रस्ता मोकळा होता. रस्त्याकडेच्या झाडांना पाणी घालणारा टँकर डाव्या पट्ट्यात उभा होता. गाडीचा बझर वाजला. ब्रेक लागायला लागला असं जाणवलं, आणि मग एकदम गाडी पुढे सुटली. आपोआप सुटली. टँकरच्या मागच्या कोपऱ्यावर डावी बाजू गेली. टँकरवाले दोघं पलीकडे नळी धरून उभे होते म्हणून वाचले.

श्यामकांतने पुढे टेकवलेला उजवा हात दोन ठिकाणी मोडला आहे आणि बरगड्यांना मार आहे. त्याला आठवडाभर दवाखान्यात ठेवलं, ऑपरेशन झालं, हातात धातूची पट्टी घातली आहे. मला एअरबॅगच्या फुग्याने नाकावर खरचटलं, बाकी काही नाही.

पोलिसांनी विचारलं. मी सांगितलं की गाडी आपोआप सुटली, मी काही केलं नाही. श्यामकांतनेही तेच सांगितलं. मी काही केलं नाही.

तू जिवाला लावून घेऊ नकोस.

— मोठेबाबा


पुणे
२० मार्च २०२५

आदरणीय मोठेबाबा,

जय भीम. जिवाला लावून घेऊ नको म्हणता, पण कसं नाही लावून घ्यायचं? ब्रेक चालू ठेवा, माझ्यासाठी, असं मीच लिहिलं होतं.

दादा फोनवर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "तेरे भरोसे पे चालू रखा था, रुचि." नंतर श्यामकांतकाकांना फोन लावला. ते म्हणाले, "पोरी, तुयाकून काय चूक झाली? मशीन आहे, चुकते." जयंतीला विहारात ढोलकी तेच वाजवतात ना? लाजेने मी फोन ठेवला. माझ्या शिक्षणाचा सगळा भार तुम्ही उचललात, आणि त्या शिक्षणातून मी तुम्हाला हे दिलं.

ऑफिसातही सांगितलं. गाडी दुसऱ्या कंपनीची आहे, पण ब्रेकची पद्धत आमच्यासारखीच. आमच्या निवेदिता मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "रुचिता, अशा वेळी आधी ड्रायव्हरचा पाय बघावा लागतो." मला इतका राग आला! मी म्हटलं, "तुम्ही माझ्या मोठेबाबांना ओळखत नाही. ते म्हणतात आपोआप सुटली, तर आपोआपच सुटली."

आमचा ब्रेक एका नव्या गाडीत बसवायचा आहे आणि त्यावर माझी सही लागते. मी सही करायला नकार दिला आहे. १६ एप्रिलला सगळ्यांसमोर बैठक आहे, तिथे उभी राहून कारण सांगणार. मॅडम म्हणाल्या, ऐकीव गोष्टीवर एवढं काम अडवलंस तर तुला ह्या कामावर ठेवणं मला कठीण जाईल. जाऊ दे. उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी असं झालं तर मी तोंड कुठे लपवू?

फक्त एक विचारते, कारण तिथे मला विचारतील. राग मानू नका. बझर वाजला तेव्हा तुमचा पाय कुठे होता?

तुमची,
रुचिता


गुढियारी, रायपूर
२९ मार्च २०२५

चि. रुचिता,

जय भीम. इथे आतापासूनच ऊन तापायला लागलं. तुझी मोठीआई कूलरमध्ये नवीन गवत भरून घे म्हणून मागे लागली आहे. घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ आहे. सगळे म्हणतात, शामरावजी, तुमचा काय दोष, नव्या गाड्यांचा भरवसाच नाही.

यश रात्री उशिरापर्यंत ओट्यावर बसून असतो. गाडी गॅरेजात पडली आहे. परवा मला म्हणाला, "गलती मेरी है, मैंने आपको चॅलेंज किया." मी पेपर तोंडासमोर धरला.

तू नोकरीचं असं करू नकोस. मोठ्या लोकांशी वाद घालू नये. सही करायची असेल तर करून टाक, दरवेळी तसंच होईल असं थोडंच आहे.

पायाचं विचारलंस. पाय जिथे असायला पाहिजे तिथेच होता.

— मोठेबाबा


पुणे
५ एप्रिल २०२५

आदरणीय मोठेबाबा,

जय भीम. तुमचं शेवटचं वाक्य मला पुरेसं आहे. तेच बैठकीत सांगेन. माझी नोकरी वाचावी म्हणून तुम्ही सही कर म्हणता, ते समजलं. पण दुसऱ्याचा जीव पणाला लावून नोकरी वाचवायला तुम्ही मला शिकवलेलं नाही.

दादाला सांगा, चूक त्याची नाही. चूक आमच्यासारख्यांची आहे.

जयंतीच्या आधीच शुभेच्छा देते. श्यामकांतकाकांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्यासमोर यायची हिंमत अजून होत नाही.

तुमची,
रुचिता


गुढियारी, रायपूर
१४ एप्रिल २०२५

चि. रुचिता,

हे पत्र तुला बैठकीच्या आधी मिळणार नाही, कळतं मला. लिहून झालं की फोन करतो.

आज जयंती. सकाळी विहारात गेलो. ढोलकी दुसऱ्या कोणी वाजवली, ताल सारखा चुकत होता. श्यामकांत पहिल्या रांगेत गळ्यात हात बांधून बसला होता. भाषणात अध्यक्षांनी माझं नाव घेतलं, म्हणाले, आपल्या वस्तीत शामरावजींसारखी माणसं आहेत ज्यांनी सगळ्या नोकरीत एकही लाल सिग्नल ओलांडला नाही, आणि आता एका मशीनच्या चुकीने त्यांच्यावर असा प्रसंग आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्यामकांतला टाळी वाजवता येईना, तो डावा हात मांडीवर मारत होता. मला तिथे बसवेना. पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो तो सरळ घरी आलो.

आता ऐक. माझा पाय जिथे असायला पाहिजे तिथे नव्हता.

बझर वाजला आणि माझा पाय खाली गेला. विचार केला नाही, ठरवलं नाही. बझर वाजला की पॅडल दाबायचं, हे माझ्या हाडात बसलं आहे. फक्त इथे पायाखाली होतं ते एक्सलरेटर. तुझ्या ब्रेकने गाडी धरली होती, मला झटका जाणवला होता. गाडी थांबली असती. मी दाबलं आणि तिने ब्रेक सोडून उडी मारली. तुझ्या मशीनने कामात कसूर केली नाही. केली ती मी.

पहिल्या दिवशी मला खरंच कळलं नव्हतं, ही थोडीशी सबब. रात्र उलटायच्या आत कळलं. पण तोवर पोलिसांना सांगून झालं होतं, आणि सगळे म्हणत होते तुमच्याकडून असं होणं शक्य नाही. मला ते ऐकायला बरं वाटलं. त्या खुर्चीचा मोह सुटला नाही. यश स्वतःला दोष देत राहिला, मी बघत राहिलो. तू मला सरळ विचारलंस तेव्हाही मी खोटं लिहिलं. सही करून लिहिलं. दोन हातांनी तोंड झाकलं तरी पुरणार नाही एवढी लाज वाटते.

दुपारी श्यामकांत घरी आला. त्याला बाहेर नेऊन सांगितलं. तो म्हणाला, "मले माहीत हाय ना, सायेब. मी पाह्यला होता तुमचा पाय."

"मंग काहून नाही बोलला?"

"ड्रायव्हरच्या विरुद्ध असिस्टंट बयान देते का कधी?"

त्याचा हात मोडला आणि वर खोटंही तोच बोलला, माझ्यासाठी. आणि त्याच्या हाताला मशीनची चूक म्हणत मी दवाखान्यात त्याच्या उशाशी बसत होतो.

आता फोन करतो.

— शामराव


पुणे
२० एप्रिल २०२५

मोठेबाबा,

फोन आला होता तुमचा. "जेवलीस का" विचारलंत. मी हो म्हटलं. मग तुम्ही फोन मोठीआईला दिलात.

सोळा तारखेला मी उभी राहिले. तुमचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं, पाय जिथे असायला पाहिजे तिथेच होता. कोणीतरी हसलं. निवेदिता मॅडमनी त्याला गप्प केलं. मी सही केली नाही. काम थांबलं आहे आणि मला त्यावरून काढायचं की नाही हे महिन्याअखेर ठरणार आहे. काल तुमचं पत्र आलं.

तुम्ही चुकलात ह्याचा मला राग नाही. पाय कोणाचाही जाईल. पण मी सरळ विचारलं होतं.

आणि माझी स्वतःची लाज वेगळी. एक्सलरेटर जोरात दाबला की ब्रेक सुटतो, हे मला माहीत होतं. गाडीला वाटतं, माणसाला खरोखर पुढे जायचं आहे, त्याचं ऐकावं. ते आम्ही मुद्दाम तसं ठेवतो. अशा गाड्या घेणाऱ्यांना गाडीने वरचढ झालेलं खपत नाही, म्हणून जरा जास्तच ठेवतो. तुम्हाला लिहिताना मी ते गाळलं. वाटलं, मोठेबाबांना कशाला लागतंय. वर लिहिलं, तो तुमचा बझरच समजा. तुम्ही समजलात.

सोमवारी जाऊन सगळ्यांना कसं सांगू की ज्यांच्या शब्दावर मी काम अडवलं ते खोटं बोलले? मला जमेल असं वाटत नाही. अजून कोणाला सांगितलेलं नाही.

रुचिता


गुढियारी, रायपूर
२४ एप्रिल २०२५

चि. रुचिता,

तू काही सांगू नकोस. चूक ड्रायव्हरची असेल तर बयान ड्रायव्हर देतो, घरची पोर नाही.

ठाण्यात जाऊन खरं ते लिहून दिलं. घरी सगळ्यांना बसवून सांगितलं. मोनाली उठून आत गेली. तुझ्या मोठीआईला बहुतेक आधीच कळलं होतं. यशदीप, जो माझ्याशी शाळेपासून हिंदीत बोलतो, तो मराठीत बोलला. "बाबा, मी महिनाभर झोपलो नाही. आधी काहून नाही सांगितलं?"

आझाद हिंद एक्स्प्रेसचं पुण्याचं तिकीट काढलं आहे. तुझ्या मॅडमकडून वेळ मागून ठेव. माझं स्वागत वगैरे काही करू नकोस. स्टेशनवर नाही आलीस तरी चालेल, मी समजून घेईन.

— मोठेबाबा


पुणे
११ मे २०२५

आदरणीय मोठेबाबा,

जय भीम. तुम्ही आलात तेव्हा मी स्टेशनवर आले, पण रिक्षात तुमच्याशी बोलले नाही. इथे होतात तोवर नीट बोललेच नाही. म्हणून आता कागदावर.

त्या खोलीत मॅडमनी खुर्ची पुढे केली आणि तुम्ही बसला नाहीत. उभ्यानेच म्हणालात, "चूक माझी. खोटंबी मीच बोललो. पोरगी माझ्या शब्दावर गेली, तिचा काही दोष नाही." मी टेबलाकडे बघत होते. मला वाटत होतं, जमीन फाटावी आणि मी आत जावं. तुमच्यासाठी की माझ्यासाठी, ते सांगता येत नाही.

मग मॅडमनी विचारलं, आमच्या चाचणीच्या सीटवर बसाल का? मला ते आवडलं नव्हतं. तुम्ही मात्र लगेच तयार झालात. म्हणालात, "बसतो ना. आता मले माहीत हाय, आता नाही होणार." पडद्यावर रस्ता आला, ट्रक आला, बझर वाजला. तुमचा पाय खाली गेला. तुम्ही म्हणालात, अजून एकदा. पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी तुम्ही गुडघा हाताने धरून ठेवला होतात, तरी गेला. तुम्ही आपल्या पायाकडे असे बघत होतात की मला ते बघवेना. कोणी हसलं नाही. त्या दिवशी बैठकीत हसला होता तो मुलगा उठून तुमच्यासाठी पाणी घेऊन आला.

तुम्ही गेल्यावर दोन दिवस तोच विषय. बझरनंतर पाय असा एकदम आणि पुरता खाली गेला, आणि स्टिअरिंग सरळच असलं, तर गाडीने लगेच ब्रेक सोडायचा नाही, आधी वेग कमी करायचा, असं बसवायचं ठरलं आहे. वेगाचे शौकीन तक्रार करतील, गाडी ऐकत नाही म्हणतील. करू देत. हे काम माझ्याकडेच ठेवलं आहे. ऐकीव गोष्टीवर काम अडवल्याबद्दल मॅडमनी मला सुनावलंही, आणि ते बरोबर होतं.

प्रत्येक चाचणीला आम्ही नाव देतो. नवी गाडी आली की ती चाचणी पुन्हा घेतात, नाव वर्षानुवर्षं राहतं. सगळे म्हणाले, हिला शामराव म्हणू. थट्टेने नाही म्हणाले. पण मी थांबवलं आहे. जे नाव गुढियारीत सिग्नल न ओलांडण्यासाठी घेतात, ते इथे ह्या गोष्टीला लागेल. तुम्ही नको म्हणालात तर दुसरं देऊ. खरं काय वाटतं ते लिहा. ह्या वेळी खरंच लिहा.

तुमची,
रुचिता


गुढियारी, रायपूर
१८ मे २०२५

चि. रुचिता,

जय भीम. नाव दे.

वाचून फार लाज वाटली. पत्र घडी करून ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. तरी दे. पूर्ण लिही, कोणी विचारलं तर रायपूरचा म्हणून सांग.

श्यामकांतचा हात गळ्यातून सुटला. बोटं अजून वळत नाहीत, ढोलकीचं काही खरं नाही. तो रोज संध्याकाळी येतो. विहारात मी स्वतः उभा राहून सांगितलं. आता मला कोणी खुर्ची देत नाही असं नाही, देतात, पण मीच घेत नाही. यशची गाडी दुरुस्त होऊन आली. तो गल्लीत हळू आणतो आणि ब्रेक चालू ठेवतो. मी तिच्यात बसत नाही. आपली जुनी गाडीही मी त्यालाच चालवायला सांगतो, लायसन्स कपाटात टाकलं आहे.

हे लिहीत असताना कुकरची शिट्टी झाली. माझा पाय हालला. तुझी मोठीआई दारातून बघत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती हसली नाही.

— शामराव